शेनँडोआ नदीवर बास मासेमारी: गाईड घ्यावा का, कधी जावं, आणि मासा सोडून का द्यायचा

कर्लीकाठ | २३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी बाबांना घेऊन अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नदीच्या साउथ फोर्कवर, म्हणजे तिच्या दक्षिण फाट्यावर, दिवसभर बास गरवायला गेलो होतो, गाईडसोबत. उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरांमधून या विषयावर बऱ्याचदा विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचे अनुभव आणि प्रश्नही इथेच येऊ द्या.

आधी एक घोळ निस्तरतो. बास म्हणजे हॉटेलात मिळतो तो बासा नव्हे. बासा हा व्हिएतनामकडचा शिंगाळ्याच्या जातीतला मासा. आपल्या जिताड्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात, त्याचाही याच्याशी नात्यागोत्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातले लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे दोन बास सनफिश कुळातले. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तो तळ्यातला, गवतातला, दबा धरून बसणारा. स्मॉलमाउथ वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यातला. रंग जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा, अंगावर उभे पट्टे आणि डोळा लाल. शेनँडोआ ही या दुसऱ्याची नदी.

बाबांचं वय ७२. जन्म सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीच्या काठावरचा. काठी, तंगूस, गरी आणि आमिषाला सुंगटा, एवढ्या सामानावर त्यांनी सगळं बालपण नदीवर काढलं. इथे आल्यापासून ते घरात बसून कंटाळले होते. दोघांचे मिळून दिवसाचे साडेचारशे डॉलर आणि वर बक्षिशी, हा आकडा त्यांना सांगितलाच नाही.

सकाळी साडेसहाला बेंटनव्हिलच्या धक्क्यावर भेटलो. गाईडकडे रबरी राफ्ट होती. पुढे एक खुर्ची, मागे एक, मधे वल्ही घेऊन तो स्वतः. तिथून खाली कारोच्या धक्क्यापर्यंत सात-आठ मैल वाहत जायचं. गाडीने हे अंतर पंधरा मिनिटांचं, आम्हाला साडेआठ तास लागले, आणि त्या साडेआठ तासांतच गाईड कशासाठी घ्यायचा ते कळलं.

मला वाटत होतं की गाईड मासे कुठे आहेत ते दाखवतो. ते तर तो करतोच. पण त्याचं खरं काम हातातल्या वल्ह्यांचं असतं. तो पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून सतत उलटं वल्हवतो, म्हणजे होडी पाण्यापेक्षा हळू सरकते. पाणी पुढे निघून जातं आणि आपण एकेका दगडासमोर थोडा वेळ जवळजवळ थांबतो. तेवढ्यात दोन-तीन वेळा गळ टाकून होतो. काठावरून हे जमत नाही आणि स्वतःची कयाक असली तर एका हातात वल्हं, दुसऱ्यात काठी अशी ओढाताण होते.

साउथ फोर्कच्या तळाशी चुनखडीचे आडवे कट्टे आहेत, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, पायऱ्यांसारखे. पाणी कट्ट्यावरून उतरतं, खाली फेस होतो आणि फेसाच्या कडेला जोराचं पाणी व संथ पाणी यांची एक रेघ दिसते. मासा संथ बाजूला उभा असतो, तोंड रेघेकडे. वाहत येणारा घास उचलायचा आणि परत जागेवर. जोरात पोहायचे कष्ट नाहीत. गाईड हे मला समजावून सांगत होता तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून बाबांनी न विचारता एका धोंड्याकडे बोट केलं. "थंयसर घाल. त्या धोंड्याच्या मागे."

गाईडला मालवणी येत नाही. त्याने बोट बघितलं, हसला आणि दोन वल्ही मारून होडी बरोब्बर तिथे आणली. पहिला मासा तिथेच लागला, चौदा इंची. त्यानंतर दुपारपर्यंत दोघे बोटांनीच बोलत होते. मी दुभाष्याचं काम सोडून दिलं.

आमिष म्हणाल तर तपकिरी रंगाची रबरी नळी, मागे शेपट्या असलेली, आत शिशाचं वजन. ती तळाला लागली की क्रेफिशसारखी दिसते. क्रेफिश म्हणजे नांग्या असलेली नदीतली कोळंबीच म्हणा ना, आणि स्मॉलमाउथचं मुख्य खाणं तेच. दोर सहा-आठ पौंडांचा ताण सोसणारा. सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी पाण्यावर 'टुबुक' असा आवाज करणारा पॉपर चालतो. मासा खालून येऊन तो फोडतो तेव्हा बघणाऱ्याचाही श्वास अडकतो.

दिवसभरात दोघांना मिळून एकवीस लागले. सगळे सोडले. त्यावरून होडीत जे झालं ते नंतर लिहितो, आधी तुमचं ऐकू द्या.

---

शुभदा_वि | २४ जून, सकाळी ७:५५

किती छान लिहिलंय! माझे सासरेही आलेत, पण माझा प्रश्न मुलांचा आहे. एक सात वर्षांचा, एक अकराची. त्यांना घेऊन अशी ट्रिप करावी का? आणि लायसन्स लागतं का सगळ्यांना?

---

कर्लीकाठ | २४ जून, सकाळी ८:३०

शुभदाताई, व्हर्जिनियात सोळा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. मोठ्यांना लागतो, गाईड बरोबर असला तरी. राज्याबाहेरून आलेल्यांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, एका दिवसाचा परवाना मिळतो, तो ऑनलाइन काढा.

सात वर्षांच्या मुलाला मात्र दिवसभर होडीत बसवू नका. साडेआठ तास खुर्चीत बसून राहणं त्याला शिक्षा वाटेल. त्याला आधी तळ्यावर न्या. बर्क लेक जवळच आहे. २१८ एकरांचं तळं, पेट्रोलच्या मोटरला बंदी, म्हणून शांत. काठाजवळ ब्लूगिल असतात, तळहाताएवढे. छोटी गरी, त्यावर गांडुळाचा तुकडा, वर लाल-पांढरं तरंगतं बुचकुलं. दहा मिनिटांत काहीतरी लागतंच. बुचकुलं खाली गेलं की मूल जे ओरडतं, त्यासाठी जायचं. नंतर अकरा वर्षांच्या मुलीला अर्ध्या दिवसाची गाईड ट्रिप चालेल. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते आधी विचारा, मोठ्यांचं आवळून चालत नाही.

---

मनमौजी_राही | २४ जून, दुपारी १२:१०

माझा अनुभव वाईट आहे म्हणून मुद्दाम लिहितो. नाव घेत नाही. मागच्या मे महिन्यात मीही याच नदीवर एक गाईड घेतला होता. आदल्या दोन दिवसांत वर डोंगरात धो धो पाऊस झालेला. सकाळी पोचलो तर नदी चहासारखी. तो म्हणाला, जाऊ या, मिळतील. आठ तासांत एकही मासा लागला नाही. दोनदा झाडाच्या फांद्यांत अडकलो, त्यात एकदा होडी चांगलीच कलंडली. पैसे परत नाहीत, तारीख बदलूनही दिली नाही. बायको बरोबर होती, ती आता नदीचं नाव काढू देत नाही.

---

कर्लीकाठ | २४ जून, दुपारी १:०५

वाईट वाटलं वाचून. हे टाळता येतं, म्हणून मी जे करतो ते सांगतो.

अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याची पाणीपातळी मोजणारी केंद्रं या नदीवर आहेत, ल्युरेला आहे, फ्रंट रॉयलला आहे. आकडे दिवसभर ऑनलाइन दिसत असतात. आठवडाभर आधीपासून रोज बघा. आलेख सरळ किंवा हळूहळू उतरता असेल तर उत्तम. अचानक वर गेलेला असेल तर फोन उचला आणि गाईडला विचारा. चांगला गाईड तुमच्या आधी स्वतःच फोन करतो. आमची मूळ तारीख ७ जून होती. ५ तारखेला त्याचाच फोन आला, पाणी गढूळ आहे, पुढे ढकलू या. पैशांचा विषयही निघाला नाही.

पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा: पाणी खराब असेल तर काय करता? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा बघा. मासे किती मिळतील हे विचारू नका. आकड्याची हमी देणारा गाईड मला तरी नको.

---

टेक्सासवाला | २४ जून, रात्री ९:२०

ऑस्टिनहून रामराम. आमच्याकडची गंमत वेगळी. इथे हिल कंट्रीत लॅनो, ग्वाडलूप अशा छोट्या, काचेसारख्या नद्या आहेत आणि त्यांत ग्वाडलूप बास नावाचा आमचा स्वतःचा बास. जगात फक्त टेक्सासमध्ये. १९८९ पासून तो राज्यमासा आहे. आकाराने लहान, बारा इंची मिळाला तर आनंद. पण असतो वाहत्या, उड्या मारणाऱ्या पाण्यात आणि स्वतःपेक्षा मोठ्या माशासारखा भांडतो.

मी लॅनोवर कयाक गाईडबरोबर गेलो होतो. त्याने मासा हातात धरून अंगावरची नक्षी दाखवली आणि म्हणाला की हा शुद्ध आहे. म्हणजे काय विचारलं तर कळलं, १९७४ पासून इथल्या नद्यांत बाहेरचा स्मॉलमाउथ आणून सोडला, खेळाला चांगला म्हणून. तो ग्वाडलूपबरोबर मिसळला आणि काही नद्यांत मूळ जात जवळजवळ संपत आली. मग हॅचरीत शुद्ध पिल्लं वाढवून वर्षानुवर्षं सोडावी लागली. तुमचा लाल डोळेवाला राजा आमच्याकडे घुसखोर आहे!

---

कर्लीकाठ | २४ जून, रात्री १०:०२

टेक्सासवाला, तो आमच्याकडेही मूळचा नाही.

स्मॉलमाउथ हा ओहायो खोऱ्यातला, डोंगरापलीकडचा. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागे पाण्याची टाकी असते ना, त्यात भोकं पाडलेल्या बादलीतून तीसेक मासे व्हीलिंगकडून डोंगर ओलांडून कम्बरलँडला आणले आणि तिथल्या कालव्याच्या पाण्यात सोडले. तिथून ते पोटोमॅकमध्ये आणि पोटोमॅकमधून शेनँडोआत पसरले. व्हीलिंगपर्यंत रेल्वे सुरू झाली १८५३ मध्ये. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली तेच साल. नवी कोरी रेल्वे आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून मासे! ही गोष्ट बाबांना सांगितली तेव्हा त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

---

बिवाकाठी | २५ जून, सकाळी ६:१५

धागा वाचून राहवलं नाही. मी जपानमध्ये शिगा प्रांतात राहते, बिवा सरोवरापासून सायकलवर दहा मिनिटं. लार्जमाउथचा जगातला सर्वांत मोठा मासा याच सरोवरात २००९ मध्ये मनाबू कुरिता यांनी पकडला, १०.१२ किलोचा. त्याआधीचा विक्रम जॉर्जियातला, जॉर्ज पेरी यांचा, १९३२ सालचा. बावीस पौंड चार औंस. दोन्ही इतके जवळ की नियमानुसार बरोबरी धरली जाते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. इथे बास सोडून देणं गुन्ह्यासारखं आहे. बास जपानमध्ये १९२५ मध्ये आशी सरोवरात आणला. पुढे सगळीकडे पसरला. बिवामध्ये निगोरोबुना नावाचा स्थानिक मासा आहे, त्यापासून फुनाझुशी नावाचा आंबवलेला पदार्थ करतात, शेकडो वर्षांची परंपरा. बास आणि ब्लूगिलनी अशा स्थानिक माशांची अंडी-पिल्लं फस्त केली. म्हणून २००३ पासून शिगामध्ये नियम आहे की पकडलेला बास परत पाण्यात टाकायचा नाही. काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. संध्याकाळी फिरायला गेले की लोक त्यात मासे टाकताना दिसतात.

म्हणजे तुमच्याकडे सोडणारा चांगला, आमच्याकडे न सोडणारा चांगला. मला दोन्ही पटतं, कारण दोन्हीकडे आधी पाण्याचा विचार आहे.

---

ओवी_क | २५ जून, सकाळी ११:४०

मला स्पष्ट बोलू द्या. खायला मासे धरणं मी समजू शकते. आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस मासे असतात. पण नुसत्या मजेसाठी एका जिवाच्या ओठात लोखंड घालायचं, दमेपर्यंत ओढायचं, फोटो काढायचा आणि उपकार केल्यासारखं सोडून द्यायचं, यात चांगुलपणा कुठे आहे? कर्लीकाठ, तुमच्या बाबांना हे पटलं का? तुम्ही ते लिहायचं राखून ठेवलंय.

---

कर्लीकाठ | २५ जून, रात्री ११:१५

ओवी, प्रश्न बरोबर आहे. दिवसभर विचार करत होतो.

होडीत झालं ते असं. तिसरा मासा बाबांच्या गरीला लागला, सतरा इंची. गाईडने जाळीत घेतला, गरी काढली आणि मासा बाबांच्या हातात दिला. बासला कल्ल्यात बोट घालून धरत नाहीत. अंगठा तोंडात, खालच्या जबड्यावर. त्याला सुळे नसतात, बारीक काटे असतात, किसणीच्या बारीक बाजूसारखे. दिवसअखेर अंगठ्याची साल निघते. बाबांनी तो धरला, डोळ्यासमोर आणला, दुसरा हात ओला करून पोटाखाली दिला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग गाईडने खूण केली, पाण्यात सोडा.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "इतको बरो मासो, आणि सोडून देवचो?"

मी त्यांना आधी पाऱ्याचं सांगितलं. साउथ फोर्कच्या वरच्या अंगाला साउथ रिव्हर आहे, तिच्या काठावर वेन्सबरोमध्ये कृत्रिम धाग्याचा कारखाना होता. १९२९ ते १९५० या काळात त्यातून पारा नदीत गेला. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीही तो गाळात आहे आणि माशांत चढतो. राज्याचा आरोग्य विभाग या नदीतले मासे किती खावेत यावर मर्यादा घालतो आणि गरोदर बायकांनी, लहान मुलांनी खाऊच नयेत असं सांगतो. बाबांना ते पटलं, पण चेहरा उतरला. नदीतला मासा खाता येत नाही हे त्यांना मासा सोडण्यापेक्षा जास्त लागलं.

मग गाईडने आपणहून एक गोष्ट सांगितली, मी भाषांतर केलं. स्मॉलमाउथचा नर वसंतात, पाणी साधारण साठ अंश फॅरनहाइटला पोचलं की, शेपटीने तळातले खडे झाडून ताटाएवढी स्वच्छ जागा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर तिथेच राहतो. शेपटीने वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतो, ब्लूगिल आले की हाकलतो, पिल्लं फुटली तरी काही दिवस त्यांच्यावर घिरट्या घालतो. त्या काळात गळाला तो चटकन लागतो, कारण समोर येईल त्याच्यावर धावून जातो. त्याला उचललं की पाच मिनिटांत अंडी संपतात. हा गाईड मे महिन्यात घरट्यांवर होडी नेतच नाही. गिऱ्हाईक परत पाठवतो. २००४-०५ च्या सुमारास इथे वसंतात स्मॉलमाउथ ढिगाने मेले होते, अंगावर जखमा होऊन. एकच असं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याने ते तरंगणारे मासे स्वतः पाहिलेत. सांगताना वल्ही थांबली होती.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग मालवणीत बोलू लागले, माझ्याशी की नदीशी ते कळेना. आमच्याकडे मिरगाच्या पावसात मासे चढणीला लागतात, समुद्राकडून, नदीतून, वहाळातून वर शेतापर्यंत, अंडी घालायला. सगळा गाव रात्री बत्त्या घेऊन जायचा. पाग, टोपल्या, काठ्या, जे मिळेल ते. सगळ्यांच्या पोटात गाबोळी. गाबोळीचं तिखलं म्हणजे पावसाळ्याचा पहिला सण. मीही लहानपणी खाल्लंय, चव अजून जिभेवर आहे. बाबा म्हणाले, "टोपली भरान शेंगटी आणू आमी. आता चढणीक जावन बघ. वहाळ रिकामो."

त्यानंतर त्यांना आणखी आठ मासे लागले. प्रत्येक त्यांनी स्वतः सोडला. तोंड प्रवाहाकडे करून, कल्ले दोन-चार वेळा उघडमिट होईपर्यंत हात खाली धरून. मासा एकदम निसटत नाही. क्षणभर हातावर पडून राहतो, मग शेपटीचा एक फटका आणि गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात पूर्ण नाही, हे मलाही दिसतंय. माशाला त्रास होतोच. मी गरीची उलटी टोकं पकडीने दाबून टाकतो, मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ऐंशी अंशांवर गेलं की जातच नाही, कारण तेव्हा सोडलेला मासाही नंतर मरतो. तरीही मी जातो. कारण या नदीसाठी भांडणारे जे लोक मी पाहिले, पाऱ्याविरुद्ध, मेलेल्या माशांविरुद्ध, त्यांतले बरेचसे हातात गळ असलेलेच होते.

---

ओवी_क | २६ जून, सकाळी ९:०५

धन्यवाद. मी अजूनही जाणार नाही. पण घरट्याची गोष्ट आईला वाचून दाखवली. तिचं माहेर महाडकडचं. ती म्हणाली, काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीचं ठाणं. तिथल्या डोहातले महसीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. लोक मुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पायाशी येतात. तिथे सोडायचा प्रश्नच नाही, धरायचाच नाही. मला ते जास्त आवडतं.

---

धरणकाठ | २६ जून, दुपारी ३:४५

पुण्याहून. वाळणकोंड पाहिलंय, खरंच तसंच आहे.

दोन गोष्टी. इकडे काही हौशी मंडळी विचारत असतात की बास आणून आपल्या धरणात सोडले तर? कृपा करून असं मनातही आणू नका. वरची बिवाची पोस्ट पुन्हा वाचा. आपल्या धरणांचं चिलापीने काय केलंय ते रोज बघतोच आहोत. दुसरं, धरणात मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. हौसेने गळ टाकायला बसण्याआधी त्यांना विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे.

आणि आपल्याकडे गाईडसह गरवायचं असेल तर आपला मासा महसीर आहे. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात आणि देशभर नद्यांना जातात. लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

---

शुभदा_वि | २६ जून, रात्री ८:३०

सासरे विचारतायत, सगळं सोडायचंच का? खायला काहीच नाही का इथे? ते पक्के रत्नागिरीकर आहेत, त्यांना सोडायचं पटणार नाही.

---

कर्लीकाठ | २६ जून, रात्री ९:१०

त्यांच्यासाठी आनंदाची बातमी: मरळ!

खरंच. पोटोमॅकच्या भरती-ओहोटीच्या भागात, खाड्यांत, २००४ पासून स्नेकहेड सापडतो. चीनकडचा, आपल्या मरळाचा सख्खा चुलतभाऊ. तेच डोकं, तोच बुळबुळीत दंडगोल, तसाच वर येऊन हवा घेतो. तो इथे घुसखोर आहे, म्हणून खाल्लेला सरकारला चालतो. नियम असा की ठेवायचा तर जागेवर मारायचा, जिवंत घरी न्यायचा नाही. त्याच्यासाठीही गाईड मिळतात, काही जण रात्री दिवे लावून धनुष्यबाणाने मारतात. खाडीतल्या माशांसाठीही आरोग्य विभागाच्या सूचना असतात, त्या मात्र आधी वाचा. बाकी तुकड्यांना हळद-मीठ-आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळून तळा. काटे कमी, मांस घट्ट.

---

मनमौजी_राही | २७ जून, सकाळी ७:२०

बायकोला परवाचं घरट्याचं वाचायला दिलं. ती म्हणते, ऑक्टोबरमध्ये एकदा पुन्हा बघू, पण पाण्याचे आकडे ती स्वतः बघणार. कर्लीकाठ, ऑक्टोबर कसा?

---

कर्लीकाठ | २७ जून, सकाळी ७:५०

पहिला पंधरवडा छान. पाणी गार, स्वच्छ, मासे हिवाळ्याआधी खाण्यावर तुटून पडलेले. दोन्ही बाजूंचे डोंगर लाल-पिवळे होतात. अडचण एकच, पाणी फार उतरलेलं असतं. कट्ट्यांवर होडी घासते, मधे उतरून ढकलावी लागते. जुने बूट न्या, भिजले तरी चालतील असे. आमिष लहान ठेवा आणि दूरवर टाका, स्वच्छ पाण्यात मासा होडी बघतो.

---

शुभदा_वि | ६ जुलै, संध्याकाळी ७:१५

बर्क लेकला जाऊन आलो! धाकट्याला चार ब्लूगिल, लेकीला एक छोटा लार्जमाउथ, वीतभर. सासरे काठावर खुर्ची टाकून बसले होते. लेकीच्या हाताला मासा धरवेना, तेव्हा ते उठले, बाटलीतलं पाणी तिच्या तळहातावर ओतलं आणि म्हणाले, कोरड्या हाताने धरू नकोस, त्याची साल जाते. हे त्यांना कसं ठाऊक, विचारलं तर म्हणाले, अगं, आम्हीसुद्धा लहान मासे परत टाकायचो की.

गाईडचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. सप्टेंबरला लेक आणि सासरे दोघेच जाणार आहेत, आम्हाला बोलावलेलं नाही.

---

कर्लीकाठ | ६ जुलै, रात्री ८:००

केला. सासऱ्यांना पुढच्या खुर्चीत बसवा.